टेशनची सोयरीक

शब्दाचं लग्न जमवायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कवडूभाऊ.

पन्नास साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील. चांदा जिल्ह्यात, सिंदेवाहीपासून दोन कोसांवरच्या एका गावी मी इंग्रजीचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. पहिल्याच रविवारी हा माणूस दारात उभा. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर ओलं जाळं, हातात टोपली. वाटलं, मासे विकायला आला असेल. टोपली खाली ठेवून तो म्हणाला, "मास्तर, टेशनसाठी स्थळ पाहून राह्यलो. तुमच्यापाशी हाये का एखादं?"

मी पडलो वर्ध्याकडचा. घटकाभर मला वाटलं, याच्या मुलीचंच नाव टेशन असावं. मी मुलीचं वय, शिक्षण असली चौकशी सुरू केली तेव्हा कवडूभाऊंनी कपाळाला हात लावला. इतका शिकलेला माणूस आणि याला साधं यमक कळत नाही, असा तो हात होता.

मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं. दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत खडी गंमत होते. दोन शाहीर डफ घेऊन समोरासमोर उभे राहतात. एक शब्द वर्षभर आधी ठरलेला असतो. त्या शब्दाला जुळेल असा नवा शब्द प्रत्येकानं आपल्या कवनाच्या शेवटी आणायचा, आळीपाळीनं. एकदा वापरलेला शब्द उष्टा. उष्टा शब्द वापरला की समोरच्यानं डफावर तीन थापा मारायच्या आणि डाव संपवायचा. तो हक्क समोरच्याचाच, पंचांचासुद्धा नाही. आणि सलग तीन वर्षं जो हरेल त्यानं फेट्याचा तुरा उतरवून जिंकणाऱ्याच्या हाती द्यायचा. पुन्हा रिंगणात उभं राहायचं नाही.

कवडूभाऊंचा जन्माचा वैरी म्हणजे शेजारच्या गावचा उरकुडा शाहीर. तो लागोपाठ दोन वर्षं हरला होता. हरलेल्यानं पुढचा शब्द द्यायचा, अशी रीत. तेव्हा उरकुड्यानं डोकं लढवून इंग्रजी शब्द दिला. स्टेशन. त्याच्या गावाला छोट्या गाडीचं स्टेशन होतं आणि आमच्या गावाला नव्हतं, हेही त्यात आलंच.

"त्याले वाटलं, कवडू मासे मारनारा, याले इंग्रजी कुठून येईन," कवडूभाऊ म्हणाले. "पन मास्तर आता आपल्या गावात हाये. तुरा आपलाच समजा."

हा माणूस हरेल अशी शंका त्याला स्वतःला कधी शिवली नाही, आणि इतरांना त्यानं ती शिवू दिली नाही.

कवडूभाऊंच्या लेखी शब्दांना नातीगोती होती. अगदी चपखल जुळला तो सख्खा. जरा ओढूनताणून आला तो चुलत. त्याहून लांबचा तो गावनात्यातला. मी मोठ्या ऐटीत 'फॅशन' दिला. कवडूभाऊंनी डोळे मिटून तो दोनदा म्हणून पाहिला, अर्थ विचारला, आणि "सख्खा" असा निकाल दिला. 'पेन्शन' चुलत ठरला. 'इलेक्शन' मात्र दारातूनच परत गेला. "हा पंगतीत बसन, पन वाढप्याले घाम फोडन," असं त्याच्याबद्दल मत पडलं.

मोबदला माशांत मिळे. सख्ख्याला मरळ, चुलताला ओंजळभर झिंगे. मी पदवीधर माणूस, शब्दकोश उघडून बसायचो आणि माझ्या पदरात बहुतेक झिंगेच पडायचे. एके दिवशी माझी बायको चुलीपुढून म्हणाली, "अहो, त्यांना बेसन सांगा ना." कवडूभाऊ ताडकन उठले आणि हातभर लांबीची मरळ तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "बाई, मास्तरकी तुमाले द्याले पाहिजे होती." ते वाक्य माझ्या घरात पुढे कितीतरी वर्षं ऐकू येत होतं.

या नादापायी त्यांना काळवेळ उरली नव्हती. तळ्यात जाळं फेकायचं आणि ओढायचं विसरायचं. जाळ्यातले मासे आपापल्या घरी जायचे. निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी आले. ते 'शोषण' म्हणाले, तसे कवडूभाऊ गर्दीत उभे राहून हात जोडते झाले. पुढारी सुखावले. मग ते 'पोषण' म्हणाले, कवडूभाऊ पुन्हा उभे. पुढाऱ्यांना वाटलं, गाव आपल्या मुठीत आलं. सभा संपल्यावर त्यांनी कवडूभाऊंना मुद्दाम जवळ बोलावून अडचण विचारली. "काई नाई साहेब," कवडूभाऊ म्हणाले, "आनखी दोन पाहिजे होते." मला हसू आवरेना म्हणून मी तिथून काढता पाय घेतला.

दिवाळीत गावी जायला मी उरकुड्याच्या गावच्या स्टेशनावर गेलो. बाकावर फेटा बांधलेला एक म्हातारा बसला होता. फेट्याला तुरा. मी ओळखलं. त्यानं विचारलं, कुठले? मी कवडूभाऊंच्या गावचा मास्तर म्हटल्यावर गडी एकदम तापला, औंदा कवडूचं नाक कापतो म्हणाला. मग त्यानं वाकून गाडी येते का पाहिलं आणि अगदी निर्मळ चेहऱ्यानं मला विचारलं, कुठले? गाडी येईपर्यंत त्यानं मला तीनदा तेच विचारलं आणि तीनदा कवडूचं नाक कापलं.

परत आल्यावर ही बातमी मी धावतपळत कवडूभाऊंना दिली. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला होता. म्हटलं, बुढ्याला काही आठवत नाही, तुरा खिशात पडल्यातच जमा. कवडूभाऊ ओसरीवर जाळं सांधत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"तुमाले तीनदा इचारलं?"

"तीनदा."

"मले वळखन का नाई, ते नाई इचारलं तुमी?"

ते मी विचारलं नव्हतं. त्यांनी पुन्हा जाळ्यात मान घातली.

मंडईच्या दिवशी दुपारी आमच्या गावी आंब्याखाली रिंगण धरलं. पाच-सात गावचे लोक, बैलगाड्या, चिवड्याची दुकानं. उरकुडा पुढे आला आणि आवाज असा लागला की मी स्टेशनावर पाहिलेला म्हातारा हाच का, असं मला वाटलं.

"आमच्या गावी थांबते गाडी, आमच्या गावी टेशन,
तुह्या गावच्या बैलालेबी नाई धड वेसन!"

कवडूभाऊंनी लगेच परतवलं.

"गाडी येते, गाडी जाते, काय खातं तुहं टेशन?
तू खाय धूर इंजनाचा, मी खातो गरम बेसन!"

बायकांत बसलेली माझी बायको चारचौघींना काहीतरी सांगू लागली. काय, ते मला इथूनही कळलं.

आठ फेऱ्या दणक्यात झाल्या. नवव्या फेरीला उरकुडा छाती काढून पुढे आला आणि त्यानं कवनाच्या शेवटी आणला बेसन. तोच. कवडूभाऊंचा. गर्दीतून 'उष्टा, उष्टा' अशी कुजबुज फुटली. कवडूभाऊंचा हात डफावर वर गेला. मी तीन थापांची वाट पाहत होतो. तो हात खाली आला आणि साधा ठेका धरून बसला. ऐकलंच नाही अशा थाटात कवडूभाऊंनी आपलं पुढचं कवन म्हटलं.

त्यावर उरकुड्यानं 'राशन' आणला. हा त्याला खरोखरच आठवला होता. आता पाळी कवडूभाऊंची. ते आभाळाकडे बघत राहिले. मान खाजवली. डफ खाली केला.

"सरले," ते म्हणाले.

सरले? माझा फॅशन जसाच्या तसा शिल्लक होता. पेन्शन होता, शोषण होता, पोषण होता. वर्षभर शब्दकोश चाळून मी काय झक मारली? पंचांनी उरकुड्याला विजयी केलं, त्याच्या गावच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि मी कवडूभाऊंना झाडामागे गाठून तोंडाला येईल ते बोललो. गावाची अब्रू घालवलीत म्हटलं.

"मास्तर," मग ते म्हणाले, "माही बायको गेली तवा मी कोनासंग बोलत नव्हतो. चार महिने. लोक येत, समजावत, चालले जात. मंग हा उरकुडा आला. समजावलं नाई, काई नाई. अंगनात उभा राह्यला, डफ वाजवला अन् माह्या नावानं असं कवन म्हनलं का अंगाची आग झाली. मी दारात आलो अन् उत्तर देलं. तो हासला अन् चालला गेला. तवापासून बोलून राह्यलो मी."

त्यांनी फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं.

"त्याचा तुरा उतरला तं तो घरीच बसन. अन् तो घरी बसला तं मले राग कोन आनन, सांगा?"

माझा राग गेला आणि त्याच्या जागी मला स्वतःचीच लाज वाटली.

एव्हाना गर्दी पांगत आली होती. उरकुडा खांद्यावरून उतरून घरी निघाला होता, डोक्यावर तुरा डोलत होता, आणि तो ताडताड चालला होता नेमका उलट्या दिशेनं, जंगलाकडे. कवडूभाऊ डफ काखेत मारून त्याच्यामागे धावले. त्यांनी त्याचं कोपर धरलं आणि त्याला हळूच स्टेशनाच्या वाटेला वळवलं. म्हातारा वाटभर त्यांना हरल्याबद्दल चिडवत होता, आणि कवडूभाऊ पुन्हापुन्हा म्हणत होते, पुढच्या सालाले ये तं खरं, पाहून घेतो तुले.