थोरली रॅम, धाकटी रॅम

माझ्या लॅपटॉपमध्ये नवी रॅम बसवल्यापासून जुनी रॅम तिच्याशी बोलत नव्हती. जुनी चार जीबीची, नवी आठची. बेरीज बारा यायला हवी, पण स्क्रीनवर चारच दिसत होते.

एरवी मी जिवाला एवढा घोर लावून घेतला नसता. बावीस वर्षं मिरजेत लग्नपत्रिका तयार करतोय, पण या खेपेला पत्रिका माझ्या केतकीची होती. व्याही चार वाजता मसुदा बघायला येणार होते आणि चौसष्ट नावांपैकी एकेचाळिसाव्यावर लॅपटॉप अडून बसत होता. अख्ख्या गावाच्या पत्रिका वेळेत देणाऱ्या माणसाच्या पोरीचीच पत्रिका तयार नाही, या विचाराने मला रडूच यायला लागलं.

दुरुस्तीवाले पटवेगार आले. त्यांनी दोन्ही पट्ट्या खोडरबराने पुसल्या, जागा बदलून पाहिल्या. मग कीबोर्डला कान लावून तीन लांब आणि एक आखूड बीप शांतपणे ऐकून घेतल्या.

"पट्टी चांगली हाय," ते म्हणाले. "मान राहिलाय. पहिल्या खाचेत कुणाला बसवलं होतं?"

नवीला, मी म्हणालो. मोठी ती, म्हणून.

बोललो आणि माझी चूक माझ्याच ध्यानात आली. आजवर चुलत्याच्या आधी पुतण्याचं नाव मी कधी छापलं नव्हतं, आणि नऊ वर्षं राबलेल्या रॅमला न विचारता मागे सरकवलं होतं. शरमेने माझे कान तापले. त्यात आता अदलाबदल केल्यावर नवी, म्हणजे धाकटीही रुसली. बसल्या जागेवरून तिला चारचौघांत उठवलं होतं, तेव्हा तिचंही चूक म्हणता येत नव्हतं.

बोलणी दीड तास चालली. पटवेगार बीप ऐकायचे आणि मला सांगायचे. थोरली पहिली खाच सोडणार नव्हती. धाकटीला दुसरी चालत होती, पण जास्तीचं काम करूनही नाव कुठेच नाही हे तिला मान्य नव्हतं. शेवटी दोघींची नावं पत्रिकेत घालायचं ठरलं. थोरली निमंत्रकांत, माझ्या आत्यानंतर. धाकटी स्वागतोत्सुकांत. आत्याला फोन करून विचारलं, तर आपल्या वर नाही ना, एवढंच तिने विचारून घेतलं.

मी कीबोर्डवर हात ठेवून शब्द दिला. लॅपटॉप सुरू झाला. बारा जीबी. सहासष्ट नावं एका दमात बसली आणि केतकीने पटवेगारांना दुसरा चहा दिला.

चार वाजता व्याही रघुनाथराव चष्मा लावून बसले. पत्रिका त्यांनी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा त्यांचं बोट 'श्रीमती चार जीबी रॅम' इथे थांबलं.

"वय किती यांचं?" त्यांनी विचारलं.

नऊ, मी म्हणालो.

"आमचा फ्रिज एकोणीस वर्षांचा हाय," रघुनाथराव म्हणाले. "त्याला वर घ्या."

मी खुर्ची पुढे ओढली आणि फ्रिजचं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव विचारलं.