साहेबरावची हनुवटी

नांदेडच्या आनंदराजला आपल्या नजरेचा भारी भरवसा. समोर बसलेला माणूस चामखिळीसकट कॅनव्हासवर उतरवतो, असं तो ज्याला त्याला सांगायचा. लातूरच्या प्रदर्शनासाठी त्यानं आपल्या जुन्या दोस्ताचं, चित्रकार साहेबरावचं, व्यक्तिचित्र करायला घेतलं.

साहेबराव लातूरहून आला, खुर्चीत बसला आणि त्याची चुळबूळ सुरू झाली. स्वतः तो झाडं रंगवणारा. झाडं निमूट उभी राहतात. हा मात्र घडीघडीला उठून कॅनव्हास बघून यायचा आणि हनुवटी जड झाली म्हणून कुरकुरायचा. जी हाय तीच काढून राहिलोय, असं आनंदराजनं त्याला बजावलं.

मधेच फोन आला म्हणून आनंदराज गच्चीवर गेला. परतला तर चित्रातली हनुवटी निमुळती! आपलंच चुकलं असेल म्हणून त्यानं तिच्यावर मांस चढवलं. चहा टाकून आला, तर हनुवटी पुन्हा उतरलेली. नजरच दगा द्यायला लागली तर खायचं काय? बाहेर जाऊन त्यानं डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावला आणि बोलता बोलता खिडकीतून आत बघितलं. साहेबराव त्याचाच ब्रश घेऊन, दाराकडं मान वळवून, कॅनव्हासला भिडला होता.

"साहेब्या, माझ्या चित्राला हात लावलास?"

"चूक दुरुस्त करून राहिलो."

मग जे व्हायचं ते झालं. एकानं दुसऱ्याला झेरॉक्सची मशीन म्हटलं, दुसऱ्यानं पहिल्याच्या झाडांना फुलकोबी. साहेबराव तडक लातूरच्या बसमध्ये बसला.

आनंदराजला काही सुचेना. रिकामी खुर्ची बघवेना. शेवटी रागाच्या भरात त्यानं चित्र खरवडलं आणि डोळ्यांसमोरून हलत नव्हतं तेच रंगवलं: दुसऱ्याचा ब्रश हातात, चोरटी नजर दाराकडं.

प्रदर्शनात साहेबराव बायकोला, पंचशीलाला, घेऊन आला. आनंदराज खांबाआड सरकला. साहेबराव चित्रापुढं येऊन थांबला. मग बायकोला म्हणाला, "बदनामी केली यानं माझी. मी असा हाय का?"

पंचशीलानं चित्र जवळ जाऊन बघितलं.

"हुबेहूब. मी पाठ फिरवली की वरणात मीठ टाकताना तुम्ही असंच बघता."

साहेबरावला खांबामागचा आनंदराज दिसला. भांडणानंतर तो पहिल्यांदाच त्याच्याशी बोलला.

"अळणीच असतंय रे लई."