अठरा घरांचं पाणी

"अठरा बाटल्या, अठरा घरं," शाळेत आशा मॅडमनी बजावलं होतं. "घरात रोज पितात तेच पाणी. आणि बाटली आपण स्वतः भरायची, समजलं?"

सोपं काम! पण ज्याला हे सोपं वाटतं त्याने बोरटेकच्या बायका पाहिलेल्या नाहीत. आठवीतली दामिनी दारात दिसायचा अवकाश, "माय वं, शाळानी पोर उनी!" म्हणत चहाचं आधण चढायचं. शिवाय पाहुण्याने माठाला हात लावायचा म्हणजे घराची शोभाच की! "तू बठ, मी भरी देस." बाटली आत जायची, भरून बाहेर यायची. दामिनी बिचारी सतरा घरी सतरा चहा प्यायली, आणि अठराव्या, स्वतःच्या घरीही बाटली आईनेच भरली.

तिला मात्र उत्तर हवंच होतं. तिचा धाकटा भाऊ हेमकांत दोन महिन्यांत तीनदा शहाद्याला सलाईन लावून आला होता. त्याला नेमकं कोणतं पाणी छळतंय, या काळजीने तिला धड झोप लागत नव्हती.

बाटलीत औषध होतं. एक दिवस गोधडीत गुंडाळून उबेला ठेवायची. काळी पडली की पाण्यात जंतू. निकाल ग्रामसभेत, घराच्या नावासकट वाचायचा, ही टूम सरपंच हिंमतराव आप्पांची. गावात पाण्याचे जार पुरवणारा प्लांट त्यांचाच. गावच्या हापशीची एकदा बदनामी झाली की घरोघरी जार, असा आप्पांचा बेत होता.

ग्रामसभेत मॅडमनी गोधडी उलगडली. अठरापैकी सतरा बाटल्या काळ्याकुट्ट!

आप्पा खुशीतच उठले. "दखा! कितला दिवसफाईन सांगी ऱ्हायनू, हापशीनं पानी खराब शे. आजच ठराव करा, हापशी बंद!"

मॅडमनी पहिलं नाव वाचलं, "तापीबाईंचं घर, काळं."

तापीबाई ताडकन उठल्या. "मन्हा घरनं पानी काळं? चूप! ते हापशीनं नव्हतंच. नाव वाचतीन म्हनीसन मी जारनं भरं व्हतं!"

"मी बी जारनंच!" मागून एक आवाज आला.

"आम्हना घर त जारच नही. मी तापीबाईकडथून तांब्याभर मांगी आनं व्हतं!"

घराची अब्रू वाचवायला जो तो आपली लबाडी ओरडून सांगू लागला. मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. शेवटी दामिनीची आई हळूच म्हणाली, "मी बी जारनंच भरं. हेमूनं पोट नाजूक, म्हनीसन त्याले तेच पाजस ना मी."

म्हणजे हेमूला छळणारं पाणी हेच! दामिनीला असा काही राग आला की काय सांगावं!

पण आप्पा कसलेले गडी. त्यांनी उरलेली अठरावी बाटली उंच धरली. काचेसारखं पाणी! "हाई कोनी शे? मन्हा घरनी! घर मन्हं, जार मन्हा. जार खराब ऱ्हाता त हाई काळी नसती व्हयनी? आते बोला!"

बिनतोड मुद्दा. ठराव लिहायला ग्रामसेवकाने पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात दामिनी आप्पांच्या बायकोसमोर जाऊन उभी राहिली. "वत्सलाकाकू, तुम्ही बाटली कोठून भरी व्हती?"

"हापशीवरथून," वत्सलाबाई सरळपणे म्हणाल्या. "मॅडमनी सांगं व्हतं ना, रोज पेतस तेच! आम्हना घर जारनं पानी कोन पेस? आम्हना ह्याच म्हनतस, प्लांटनी टाकी कवय धुई व्हती, देवले ठाऊक!"

अख्ख्या गावात मॅडमचं ऐकणारी ही एकच बाई निघाली. आप्पा मटकन खुर्चीत बसले. सभेत असा काही हशा पिकला की बाहेर बांधलेल्या म्हशी दचकल्या.

हापशी राहिली. सरपंचांनी टाकी सगळ्या शाळेदेखत स्वतः घासायची, आणि यापुढे बाटली पोरंच भरतील, कोणी चहाचा आग्रह करायचा नाही, असा ठराव झाला. तो ऐकायला दामिनी थांबलीच नव्हती. ती धावत घरी गेली, हेमूच्या खाटेजवळचा जार तिने अंगणात पालथा केला आणि कळशी घेऊन हापशी गाठली.

त्या महिन्यात हेमकांतला शहाद्याला न्यावं लागलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही.