आग्नेसमावशींचं व्हेनिस

आमच्या आग्नेसमावशी दर शुक्रवारी व्हेनिसला जायच्या. मेट्रोने.

दुपारची मिस्सा आटोपली की चर्चच्या दारातच चपला बदलून त्या बूट चढवायच्या, डोक्यावर गवती टोपी ठेवायच्या आणि कोणी बरोबर असो-नसो, मोठ्याने म्हणायच्या, "यल्ला, निघू या. व्हेनिस काही आपल्यासाठी थांबणार नाही." मग मेट्रो, मेट्रोनंतर बस, आणि बसमधून उतरलं की द पर्ल.

द पर्ल म्हणजे दोह्याच्या समुद्रात भर घालून केलेलं बेट. त्याच्या एका कोपऱ्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि चक्क व्हेनिस बांधलं: कालवे, पिवळ्या-गुलाबी इमारती, कमानदार पूल. आम्ही बाकीचे तिथे गावाकडून पाहुणे आले की जायचो. फोटो काढायचे, आइस्क्रीम खायचं, "भाडं काय असेल हो इथलं?" असं एकमेकांना विचारायचं आणि परत यायचं. मावशी मात्र हातात पुस्तक घेऊन जायच्या, आणि हळूहळू आम्हीही त्यांच्या मागे जायला लागलो.

हे पुस्तक म्हणजे खऱ्या व्हेनिसमध्ये आपलं आपण पायी कसं फिरावं हे सांगणारी इंग्रजी चोपडी. मावशी एका खाजगी दवाखान्यात रिसेप्शनला होत्या. तिथे एक इटालियन पेशंट ती काउंटरवर विसरून गेला. तो परत आला नाही आणि मावशींनी फार शोधलंही नाही. "पाठदुखीचा माणूस होता बाय, पण देवाने पाठवलेला," असं त्या सांगायच्या.

आता पुस्तक खऱ्या गावाचं आणि रस्ते खोट्या गावाचे. ते जुळणार कसे? पुस्तकात लिहिलेलं असायचं, 'डावीकडे वळा, समोर जुनं चर्च दिसेल.' आम्ही डावीकडे वळायचो. समोर बायकांचं सलून. मावशी क्षणभर सलूनकडे बघायच्या, क्षणभर पुस्तकाकडे, आणि निकाल द्यायच्या, "पुस्तक बरोबर आहे. बांधणारे चुकले."

मग ते सलून आमच्यापुरतं चर्च व्हायचं. औषधांच्या दुकानाचा राजवाडा झाला होता. लॉन्ड्रीला त्यांनी चित्रांचं संग्रहालय केलं होतं, आणि आतला बांगलादेशी इस्त्रीवाला आमचा घोळका काचेपाशी आला की संकोचून शर्ट खाली ठेवायचा.

माझ्या नवऱ्याने, प्रसादने, एकदा शंका काढली. "मावशी, पण तुम्हाला व्हेनिसचंच एवढं वेड का?"

"आडनाव काय माझं?"

"तुस्कानो."

"मग? इटलीचं रक्त आहे."

"अहो, तुस्कानी वेगळं, व्हेनिस वेगळं. आणि वसईला तुमची अर्धी गल्ली तुस्कानो आहे."

"एका देशात आहेत ना दोन्ही? पुणं वेगळं, वसई वेगळी, तरी तू माझ्या हातचं सुकं मटण खातोस की नाही? खलास."

मटण खरंच चांगलं असायचं.

मावशी आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर दोन नर्सेसबरोबर राहायच्या. लग्न केलं नव्हतं. तरुणपणी दोह्याला आल्या त्या दोन भावांची शिक्षणं आणि बहिणीचं लग्न एवढं उरकून परत जायचं म्हणून. शिक्षणं झाली, लग्न झालं, मग भावांची घरं झाली, मग भाच्यांची शिक्षणं सुरू झाली. वसईच्या घराच्या माडीवर एक खोली होती, तिला सगळे 'आग्नेसची खोली' म्हणायचे. वर्षातला एक महिना त्या तिच्यात राहायच्या. उरलेले अकरा महिने तिच्यात भाच्याचा व्यायाम चालायचा.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. सगळं शहर उकरून ठेवलेलं. काल डावीकडे जाणारा रस्ता आज उजवीकडे जायचा, परवा तो रस्ताच नसायचा. टॅक्सीवाले रडकुंडीला यायचे. प्रसाद एका स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पाइपलाइनवर होता. तो घरी यायचा तो फक्त झोपायला. मावशींचं म्हणणं असं की दोह्यात एकच जागा अशी आहे की जिथला रस्ता पुढच्या शुक्रवारी तिथेच सापडतो, आणि ती म्हणजे त्यांचं व्हेनिस.

फिरवताना त्या आमच्याकडे तोंड करून उलट्या चालायच्या. पाण्याकडे पाठ, दोन्ही हात हवेत. "बघून घ्या, बघून घ्या! इथे एक श्रीमंत व्यापारी राहायचा, त्याच्या मुलीचं नावाड्याशी जमलं." हे पुस्तकात नव्हतं, मी नंतर बघितलं. एकदा उलट्या चालता चालता त्या पार कालव्याच्या कडेला गेल्या, तेव्हा नेपाळी सिक्युरिटीवाल्याने धावत येऊन त्यांचा दंड धरला. तेव्हापासून तो आमच्या मागोमाग चालायचा. ड्यूटी म्हणून, असं तो म्हणायचा. पण व्यापाऱ्याच्या मुलीचं पुढे काय झालं हे त्यानेच विचारलं होतं.

एका शुक्रवारी एक मल्याळी कुटुंब आजीसकट आमच्यात सामील झालं. त्यांना वाटलं ही सरकारी सहल आहे. मावशींनी लगेच गाडी मराठीवरून इंग्रजीवर आणली आणि सगळं गाव त्यांना पहिल्यापासून दाखवलं. शेवटी त्या आजींनी मावशींचे दोन्ही हात हातात घेतले आणि मल्याळममध्ये काहीतरी म्हणाल्या. कोणालाच कळलं नाही. पण परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत उगाच हसत होत्या.

आणि तो उसाशांचा पूल. खऱ्या व्हेनिसमध्ये म्हणे कैद्यांना तुरुंगात नेताना त्या पुलावरून न्यायचे, आणि खिडकीतून शेवटचं जग बघून ते उसासा टाकायचे. मावशींनी एका छोट्या पुलाला हे पद दिलं होतं. तिथे सगळ्यांनी थांबायचं आणि उसासा सोडायचा. "लाजू नका. आतून येऊ दे." माझी मुलगी ईरा म्हणायची, "मावशी, धिस इज सो एम्बॅरसिंग," आणि सगळ्यात मोठा उसासा तीच सोडायची. प्रसादला कष्ट पडायचे नाहीत. त्याला फक्त पाइपलाइनच्या हँडओव्हरची तारीख आठवायला लागायची. वरच्या मजल्यावरच्या नर्सेस दोन-दोन सोडायच्या. मावशी मात्र स्वतः कधी सोडायच्या नाहीत. "गाइडने सोडायचा नसतो," म्हणायच्या.

वर्ल्ड कपच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या दवाखान्याने जागा बदलायचं ठरवलं. नव्या जागेत रिसेप्शनला नवी, तरुण माणसं. मावशींना केक कापून, शाल देऊन मोकळं केलं. त्या फायनल एक्झिट घेणार, म्हणजे देश सोडून कायमच्या जाणार, हे ठरलं. निघायला थोडे आठवडे हातात होते.

तेव्हा त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं आणि जाहीर केलं, "मी व्हेनिसला जाऊन येते. खऱ्या."

आम्ही टाळ्याच वाजवल्या. वसईला फोन गेला तेव्हा मी तिथेच होते. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, ह्या वयात एकटी? आणि माडीची गळती काढायचीय पावसाच्या आधी." मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाल्या, "जेजू देवा, आवाज तुटतोय रे तुझा." आवाज अजिबात तुटत नव्हता.

व्हिसाच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, व्हेनिसमध्ये काय बघणार? मावशींनी तिला स्टेशनपासून सुरुवात करून डावीकडे-उजवीकडे सगळं सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका माणसाने वही काढली म्हणे. व्हिसा मिळाला.

आमच्यातलं कोणी बरोबर जाणं शक्य नव्हतं. प्रसादची कंपनी त्या वर्षी कोणाला रजाच देत नव्हती, ईराच्या परीक्षा होत्या, नर्सेसना तर विचारायलाच नको. मावशींनी कोणाला आग्रह केला नाही. आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. बोटीत चढणाऱ्या लहान मुलीसारख्या त्या आत गेल्या.

आठवड्याने परत आल्या. त्या संध्याकाळी सगळे आमच्या घरी जमलो. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. निदान दोन तास तरी मावशी हॉलमध्ये उलट्या चालणार, म्हणून प्रसादने टीपॉय भिंतीला सरकवून ठेवला होता.

मावशींनी चॉकलेटचा डबा दिला. सोफ्याच्या टोकाला बसल्या.

"मग? कसं होतं?"

"छान होतं."

आम्ही वाट बघितली.

"इज इट लाइक अवर्स?" ईराने विचारलं.

"मोठं आहे," मावशी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पाण्याला वास आहे." पोळी अर्धी खाल्ली, दमले म्हणाल्या आणि वर गेल्या.

प्रसाद म्हणाला, विमानाचा शीण असेल. पण पुढच्या शुक्रवारी मिस्सा झाल्यावर त्या सरळ घरी आल्या. त्याच्या पुढच्याही.

निघायच्या दोन दिवस आधी मी त्यांना सामान भरायला मदत करायला गेले. नर्सेस ड्यूटीवर होत्या. दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं आणि एसी घरघरत होता. मावशी भावांच्या घरी द्यायचे टॉवेल, परफ्युम, दुधाची पावडर भरत होत्या. मी घड्या करून देत होते. मध्येच, मी काही न विचारता, त्या बोलायला लागल्या.

"पहिल्या दिवशी बाय, मी स्टेशनवरून निघाले. पुस्तक उघडलं. डावीकडे वळा, चर्च दिसेल. वळले, तर चर्च. खरं चर्च. पुढे पूल लिहिलेला, पूल होता. सगळं जिथल्या तिथे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी हात वर केला आणि म्हटलं, बघून घ्या. मोठ्याने. आणि मागे वळले."

त्यांनी दुधाचा डबा एका कोपऱ्यातून काढून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला.

"माणसं पुष्कळ होती. पण माझी कोणी नव्हती."

"मग?"

"मग काय. एक ग्रुप चालला होता, इंग्रजीवाला. मी त्याच्या मागे मागे गेले. चांगला होता गाइड. पण तो त्या नावाड्याचं सांगेना. मी शेजारच्या बाईला सांगायला लागले, तर तो गाइड आला. फार नम्रपणे म्हणाला, मॅडम, तुम्ही आमच्या ग्रुपमध्ये नाही."

"मग तुम्ही फोन करायचा ना मावशी. व्हिडिओ कॉल."

"काढला होता फोन. पण तुम्ही सगळी कामात असणार. आणि पूल काय फोनवर दाखवतात? माणूस शेजारी पाहिजे." त्या एक टॉवेल झटकायला लागल्या, आधीच स्वच्छ होता तो. "दुसऱ्या दिवसापासून मी एका चर्चमध्ये जाऊन बसायचे. तिथे एकटं बसलं तरी कोणाला काही वाटत नाही. संध्याकाळ झाली की हॉटेलवर. पुस्तकातलं अर्ध्याच्या वर राहिलं बघायचं."

"मावशी..."

"अगं, गाव सुंदर आहे. गावाचा काही दोष नाही."

बॅग आता फुगली होती. मावशींनी झाकण ओढलं, ते वीतभर उघडंच राहिलं. त्यांनी गुडघा दाबून बघितला. मग तशाच, झाकणावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"वसईला गेल्यावर पण असंच होणार का गं?"

मला त्यांची माडीवरची खोली आठवली. भाऊ आठवले, आता नातवंडं झालेले. भाचे आठवले. सुट्टीत विमानतळावरून नेताना ते 'आत्या, काय आणलंस?' असं विचारायचे. गावात त्यांच्या बरोबरीच्या बायका असतील, पण त्यांची आयुष्यं यांच्याशिवायच झालेली.

"बस गं जरा ह्याच्यावर," मावशी म्हणाल्या. "तुझं वजन कामी येऊ दे."

मी बॅगेवर बसले. त्या खाली वाकून एका टोकाकडून चेन ओढत ओढत दुसऱ्या टोकाला आल्या. बॅग बंद झाली. मला वाटलं आता त्या ऊठ म्हणतील. पण त्याही माझ्या शेजारी बॅगेवर येऊन बसल्या. खालून कुठल्यातरी नव्या रस्त्याचं ड्रिलिंग ऐकू येत होतं. ते थांबेपर्यंत आणि थांबल्यावरही आम्ही दोघी तिथेच बसून होतो.