साळवीकाकांचे पॉइंट

साळवीकाकांच्या घरी पंखा पुसायचा झाला, तरी आधी पात्यावर आणि दांड्यावर खडूची एकेक रेघ पडते. मग पाती उतरतात, पुसली जातात आणि रेघेला रेघ जुळवून परत चढतात. मिक्सरचं झाकण, नळाची तोटी, कुकरची शिट्टी, सगळ्यांवर खुणा. मी अंबरनाथच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्याच आठवड्यात माझ्या स्कूटरचा आरसा सैल झाला. मी पाना काढला, काकांनी खिशातून खडू काढला.

"खोलण्याआधी खूण करावी, प्रदीप. नाहीतर बसवताना माणूस आभाळाकडे बघत बसतो."

काका कारखान्यात फिटर होते. तिथे मशीन खोलण्याआधी दोन्ही भागांवर पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, ठोकून खूण करायची, म्हणजे जोडताना सगळं होतं तसंच बसतं. निवृत्त झाल्यावर पंच कारखान्यातच राहिला. सवय मात्र त्यांच्याबरोबर घरी आली.

मी तेव्हा उल्हासनगर कॅम्प एकमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात होतो. काकांचं मशीन मीच जोडून दिलं. चाळीस जीबीची हार्ड डिस्क, त्यात विंडोज एक्सपी. आणि चूकही मीच केली. बोलता बोलता सांगून बसलो, की यात रिस्टोर पॉइंट नावाची सोय आहे. मशीन आपल्या आजच्या अवस्थेची एक प्रत लपवून ठेवतं, उद्या काही बिघडलं तर तिथवर मागे जाता येतं.

काकांचे डोळे चमकले. "म्हणजे पंच! हे ज्याने काढलं ना, तो फिटरचाच पोरगा असणार."

झालं! माकडाच्या हाती कोलीत दिलं मी. सकाळी चहाच्या आधी एक पॉइंट. ढग आले, लाइट जाईलसं वाटलं, की एक. कोणी पाहुणा पत्ते खेळायला मशीनसमोर बसला, तर "थांबा, पॉइंट मारू द्या." प्रत्येक पॉइंटला नाव द्यायचं असतं. तेही काका एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून देत. 'कीबोर्ड झटकण्याआधी.' 'भावोजी बसण्याआधी.' मालूकाकू, त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या, "आमच्या लग्नात हे यंत्र नव्हतं ते बरं. नाहीतर अंतरपाट धरून भटजी ताटकळले असते."

काकू त्या दिवाळीनंतर गेल्या. चार दिवस दवाखान्यात होत्या, तेवढंच.

दोनेक महिन्यांनी दुकानात फोन आला. शेठ म्हणाले, "प्रदीप, तेरे साळवी का पीसी फुल हो गया. जा, देख के आ."

काकांच्या मुलीने, ज्योतीने, नाशिकहून कॅमेरा पाठवला होता. चार वाजता तो लावून नातीशी समोरासमोर बोलायचं होतं. पण कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बसेना, डिस्कमध्ये जागाच नव्हती.

"ज्योतीने दिलेले नातीचे व्हिडिओ सोडले, तर मी यात काही ठेवलेलं नाही रे," काका म्हणाले.

मी लपवलेल्या फायली उघड केल्या. साडेचार जीबी नुसते पॉइंट! मला पुढे बदलापूरला जायचं होतं, त्यामुळे मी जरा करवादलोच. "काका, हे सगळे तुमचे पंच. शेवटचा एक ठेवतो, बाकीचे एका बटणात साफ करतो."

"एकेक निवडून नाही काढता येत?"

"नाही. शेवटचा सोडून एक तर सगळे जातात, नाहीतर एकही नाही."

"मग थांब जरा." त्यांनी मला पॉइंटचं कॅलेंडर उघडायला लावलं आणि मागच्या नोव्हेंबरातल्या एका तारखेवर बोट ठेवलं. मी क्लिक केलं. नाव होतं, 'मालूला नेण्याआधी'.

"रिक्षा खाली उभी होती," काका म्हणाले. "ती चपला घालून दारात. मी म्हटलं, थांब, पॉइंट मारतो, तू परत येशील तेव्हा सगळं होतं तसं पाहिजे. दहा मिनिटं उभी केली रे मी तिला. पोटात दुखत होतं तिच्या. एक शब्द बोलली नाही."

मला माझ्या करवादण्याची लाज वाटली. मी ते बटण दाबलं नाही. दुसरीकडे शोधायला लागलो. प्रत्येक अपडेटने जुन्या फायलींचे आपापले साठे लपवून ठेवलेले असतात, यादीत त्यांची नावं निळ्या अक्षरांत दिसतात. ते एकेक करून उडवले. स्वतःच्या झोपेसाठी, म्हणजे हायबरनेटसाठी, मशीन एक मोठी फाइल अडवून बसतं, तीही काढली. तासाभरात कॅमेऱ्यापुरती जागा झाली. मग एक काम केलं, जे कुठल्याच गिऱ्हाईकासाठी केलं नव्हतं. एक्सपी नव्वद दिवसांनी जुने पॉइंट स्वतःच फेकून देतं. आत खोलवर जाऊन तो आकडा कितीतरी वाढवून ठेवला.

"पण काका," मी म्हटलं, "आता नवा पॉइंट मारायचा नाही. जागा भरली की मशीन सगळ्यात जुना आधी ढकलतं. त्याच्या आधीचे केव्हाच गेलेत, आता सगळ्यात जुना तोच आहे."

काकांनी मान डोलावली. मी कॅमेऱ्याची सीडी आत सरकवली. त्यांचा हात सवयीने माउसकडे निघाला, मध्येच थांबला आणि मांडीवर परत आला.

"बसव," ते म्हणाले. "तसंच बसव."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडू दे. तू आहेस की दुरुस्तीला."