भदाणेंची विनापरवाना झोप

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत, एका सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, अभिलेख समन्वय कार्यालय, धुळे येथील वरिष्ठ लिपिक श्री. अभिमन भदाणे यांनी स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस बजावली.

नोटीस नियमानुसार होती. कार्यालयातली तीन पदं चार वर्षांपासून रिकामी असल्यामुळे आवक, जावक, आस्थापना आणि अभिलेख अशी चारही टेबलं भदाणेंकडेच होती. आस्थापना टेबलावरच्या भदाणेंनी अभिलेख टेबलावरच्या भदाणेंकडे काही माहिती मागवली होती. तीन स्मरणपत्रं जाऊनही ती आली नाही, तेव्हा नोटीस काढण्यावाचून इलाज उरला नाही. नोटीस मिळाल्याची सही त्यांनी केली, आणि मग घाबरून तांब्याभर पाणी प्यायले. मी शेजारच्याच टेबलावर बसतो. मला त्यात गैर काही वाटलं नाही. शिक्का जागच्या जागी होता.

गैर वाटलं ते त्यांच्या पत्नीला, पुष्पावहिनींना. त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाचं ताट वाढून पुढे ठेवलं, तर भदाणेंनी ते नीट तपासलं, ‘सोबत जोडपत्र नाही’ म्हणाले आणि परत केलं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्यांना रिक्षात घालून थेट डॉ. जिनल यांच्याकडे नेलं. आग्रा रोडला खाली वडिलांचं कापडाचं दुकान आणि वर लेकीचा दवाखाना, अशी ती जागा आहे.

“काका, शेवटची पूर्ण झोप कधी झाली?” डॉक्टरांनी विचारलं.

“रेकॉर्ड बघावं लागेल,” भदाणे म्हणाले.

“रविवारी काय करता?”

“शनिवारचं राहिलेलं.”

“आणि फोन?”

“चालूच असतो. साहेब कधीही करतात.”

“नाही उचलला तर?”

हा प्रश्न भदाणेंना कळला नाही. त्यांनी तो दोनदा विचारायला लावला आणि शेवटी वहिनींकडे पाहिलं.

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघून पेन खाली ठेवलं. “काका, हृदय चांगलं आहे, साखर चांगली आहे. तुम्हीच तेवढे संपत आला आहात. याला बर्नआउट म्हणतात. याला गोळी नाही. पंधरा दिवस काही करायचं नाही, फोन बंद ठेवायचा. आणि परत गेल्यावर कुठलं काम आपलं आणि कुठलं आपलं नाही, ते ठरवायचं. हे दुसरं केलं नाहीत, तर महिनाभरात पुन्हा याच खुर्चीत बसाल.”

रजेचा अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. ‘आजाराचा प्रकार’ या रकान्यात सर्पदंश, विंचूदंश, श्वानदंश, अस्थिभंग आणि प्रसूती एवढे पर्याय होते. विंचूदंशाला तीनच दिवस मिळत होते. अस्थिभंगाला एक्स-रे जोडावा लागत होता. प्रसूतीला सहा महिने होते, पण भदाणे प्रामाणिक माणूस. ते साहेबांकडे गेले.

आमचे प्रेमराज देवरे साहेब मनाचे मऊ आहेत. त्यांनी डॉक्टरांचा कागद पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि भदाणेंना बसायला सांगितलं. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

“किती वर्षांपासून थकलेले आहात?”

“चार, साहेब.”

“म्हणजे अनुभव आहे,” साहेब म्हणाले आणि ड्रॉवरमधून एक परिपत्रक काढलं. “हे बघा. ‘विश्रांत कर्मचारी, प्रशांत कार्यालय’ अभियान. वरून आलंय. पंधरवड्यात राबवायचंय. जिल्ह्यातल्या आपल्या चारशे बारा कर्मचाऱ्यांना विश्रांती द्यायची आहे आणि मला नोडल अधिकारी मिळत नव्हता. कोणाला वेळच नाही. तुम्ही तर रजेवर चाललात. वेळच वेळ.”

“पण साहेब, डॉक्टरांनी काही करायचं नाही असं सांगितलंय.”

“कुठे काय करायचंय? तुम्ही नुसती विश्रांती घ्यायची आणि रोज कळवायची. बाकीच्यांची गोळा करायची. तुमची रजा आपण प्रायोगिक तत्त्वावर मंजूर करू.”

भदाणेंनी ‘हो साहेब’ म्हटलं. चार टेबलं त्यांच्याकडे आली होती, तीही याच दोन शब्दांनी.

ते धरणगावला थोरल्या बहिणीकडे गेले. तानुअक्का एकट्या राहतात. मागे थोडं कापसाचं शेत, पुढे ओटा, ओट्यासमोर एक निंब. इथे आपल्याला झोप लागेल, अशी भदाणेंना खात्री होती. बसमधून उतरेपर्यंत त्यांना अभियानाच्या ग्रुपवर एकशे सहा निरोप आले होते.

विश्रांतीचा तक्ता सात रकान्यांचा होता: आडवे पडल्याची वेळ, उठल्याची वेळ, विश्रांतीचा प्रकार, विश्रांती न झाल्यास तिची कारणे, वगैरे. प्रत्येक कर्मचाऱ्याने झोपलेला फोटो ठिकाणासह पाठवायचा होता. पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी निम्मे फोटो भदाणेंना परत करावे लागले, कारण डोळे उघडे आढळले. दुसऱ्या दिवशी वरून खुलासा आला की झोपलेल्या व्यक्तीने स्वतःच काढलेला फोटो ग्राह्य धरू नये. मग घरोघरी नवरे-बायका एकमेकांना झोपवून फोटो काढू लागले. शिरपूरच्या एका शिपायाने एकाच उशीवर नऊ सहकाऱ्यांचे फोटो पाठवले. भदाणेंनी उशीवरच्या फुलांवरून तो प्रकार पकडला, आणि त्यात त्यांची दुपार गेली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी ‘दुपारच्या झोपेचे महत्त्व’ या विषयावर ऑनलाइन बैठक घेतली. ती एक ते साडेचार चालली. उपस्थिती सक्तीची होती आणि डुलकी घेणाऱ्या दोघांना समज देण्यात आली.

अक्का हे सगळं ओट्यावरून बघत होत्या. चौथ्या दिवशी भाकरी गार झाली, तेव्हा म्हणाल्या, “भाऊ, तू आराम कराले उना, का आराम लिखाले?”

“झालंच, अक्का. एवढा एक फॉर्म.”

तो फॉर्म तपासणी समितीचा होता. जिल्ह्याची विश्रांती एकशे अठरा टक्के झाल्याने वरचे लोक खूश होते आणि नोडल अधिकाऱ्याची आदर्श विश्रांती पाहायला दुसऱ्याच दिवशी समिती येणार होती. भदाणेंनी स्वतःचं नाव लिहिलं, पदनाम लिहिलं. पुढचा रकाना होता ‘विश्रांतीस्थळाच्या मालकाचे नाव’.

त्यांना ते आठवेना.

भाकरी पुढे घेऊन बसलेली ही बाई आपली बहीण आहे, हे त्यांना ठाऊक होतं. लहानपणी तिने त्यांना कडेवर घेऊन जत्रा दाखवली होती, हेही आठवत होतं. नाव येत नव्हतं. त्यांनी फोनमध्ये शोधलं, तिथे ‘अक्का’ एवढंच होतं. मग एक्कावन्न वर्षांचा तो माणूस फोन मांडीवर ठेवून रडू लागला, आणि आपण का रडतोय तेही त्याला सांगता येईना.

अक्कांनी ओंजळीत पाणी घेऊन त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

“मन्हं नाव तानुबाई शे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “लिखू नको आते. आडा पड.”

त्यांनी फोन घेतला, बंद केला आणि ज्वारीच्या कोठीत टाकला. सगळे कागद गोळा करून पेटीत घातले. भदाणे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांनी वेळ नोंदवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आमची समिती पोहोचली: देवरे साहेब, नाशिकहून आलेले एक निरीक्षक आणि सदस्य सचिव म्हणून मी. दारात अक्का उभ्या होत्या.

“भदाणे आहेत का?”

“झोपेल शे.”

“उत्तम,” निरीक्षक म्हणाले. “त्यांना उठवा. झोपले असल्याबद्दल सही लागेल.”

“त्याले उठाडू नका,” अक्का म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण दारातून त्या हलल्या नाहीत. “चार दिन तुम्ही त्याले झोपू दिन्हं नही. आते मी शे आठे.”

आम्ही वाट पाहायचं ठरवलं. अक्कांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. जेवून आम्ही निंबाखाली खाटा टाकल्या, तर निरीक्षकांचा डोळा लागला. मग साहेबांचा. मला कधी लागला ते कळलं नाही. साडेचारला आम्ही उठलो तेव्हा भदाणे अजून झोपलेलेच होते. आम्हा तिघांनाही फार बरं वाटत होतं. त्या प्रसन्न मनाने आम्ही जीपमध्ये बसूनच अहवाल लिहिला: ‘अभियानाचे नोडल अधिकारी तपासणीवेळी कर्तव्यावर झोपलेले आढळले. सदर झोपेस पूर्वपरवानगी नव्हती.’ खाली तिघांनी सह्या केल्या.

उरलेले दहा दिवस भदाणेंनी काय केलं, याची कुठेही नोंद नाही. अक्का सांगतात, पहिले तीन दिवस तो जेवायला उठायचा आणि परत झोपायचा. मग बांधावर जाऊन बसायला लागला. एकदा त्याने दुसऱ्यांदा भाकरी मागितली. नवव्या दिवशी तो कशावरून तरी हसला, तेव्हा अक्कांनी धुळ्याला वहिनींना फोन लावून ते ऐकवलं.

पंधरा दिवसांनी ते रुजू झाले. टेबलावर विनापरवाना झोपेबद्दलची नोटीस होती. त्यांनी त्याच कागदाच्या खाली खुलासा लिहिला: ‘झोप लागली होती. बरे वाटले.’ मग दुसरा कागद घेऊन तीन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार परत करत असल्याचं लिहिलं आणि दोन्ही घेऊन साहेबांकडे गेले. सही घ्यायची म्हणून मीही तिथेच उभा होतो.

“अहो भदाणे, मग ही कामं कोण करणार?”

“ते मला ठरवता येणार नाही, साहेब. माझं टेबल एकच आहे.”

“रविवारी फोन लागत नव्हता तुमचा.”

“बंद होता. यापुढेही पावणेसहानंतर आणि रविवारी बंदच राहील.” एवढं बोलेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पण शब्द त्यांनी मागे घेतले नाहीत.

दोन महिने तीन टेबलांवर कागदांचा ढीग साचला. साहेब चिडले, वरचे चिडले, चौकशी लागली. चौकशीत असं निष्पन्न झालं की या कार्यालयात तीन पदं रिकामी आहेत. चार वर्षांत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण काम होत होतं. एक पद तातडीने भरलं गेलं. जळगावहून बदलीने मेघाताई निकुंभ आल्या. भदाणे आता वहिनींबरोबर पांझरा नदीच्या काठाने फिरायला जातात. वजन वाढलंय. नोटिशीचं प्रकरण अजून चालू आहे आणि त्याने त्यांची झोप मोडत नाही.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे समितीवर पोटभर हसतात, साहेबांना नावं ठेवतात आणि माणसाने स्वतःला जपलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

गेल्या रविवारी मला मुलीच्या प्रवेशासाठी एक नक्कल तातडीने हवी होती. भदाणेंचा फोन बंद. मी घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, “ते पडलेत. उद्या पावणेदहाला ऑफिसला भेटतील.” दोन मिनिटांचं काम, तीस वर्षांची ओळख, आणि दारातून परत. माणसाला एवढा माज बरा नाही. हे मी ज्या ज्या लोकांना सांगितलं, त्यांनाही तसंच वाटलं. प्रत्येकाने वाईट वाटून घेतलं आणि मग हळूच विचारलं की तुमच्या कार्यालयात असं काम करून देणारं दुसरं कोणी नाही का.

आहे ना. मेघाताई. फार चांगल्या बाई आहेत. तिन्ही टेबलं आता त्यांच्याकडेच दिलीत, कधी नाही म्हणत नाहीत, रविवारीही पहिल्या रिंगला फोन उचलतात. माझी नक्कल त्यांनी तासाभरात घरपोच आणून दिली. तुमचंही काही अडलं असेल, तर नंबर देतो. लिहून घ्या.