उशीवरची नोट

हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडायच्या आधी मामींनी चादर झटकून ताठ अंथरली, चहाचे कप विसळून पालथे घातले आणि बेसिनची तोटी आपल्या रुमालानं लख्ख पुसली. मग पर्समधून एक नोट काढून उशीच्या बरोबर मध्यावर ठेवली.

"दिसेल ना हो तिला?"

"देवापुढे ठेवल्यासारखी ठेवली आहेस. न दिसायला काय झालं?" मामा बूट घालून दारात ताटकळले होते.

हे नोटेचं भाचीनं बजावून सांगितलं होतं. भाची या देशात नोकरीला होती. तिच्या एवढ्याशा घरात दोघांची सोय होईना, म्हणून तिनं त्यांना जवळच्या हॉटेलात उतरवलं होतं. (ती त्यांना मामा-मामी म्हणते, आपणही तेच म्हणू.) "इथे खोली आवरणाऱ्या बाईसाठी रोज सकाळी उशीवर काहीतरी ठेवायचं. उपकार म्हणून नाही, रीतच आहे तशी. नाही ठेवलं तर फार वाईट दिसतं गं, मामी."

वाईट दिसणं! मामी आयुष्यात दुसऱ्या कशाला म्हणून घाबरल्या नव्हत्या. घरी केरफरशीला बाई होती, पण ती यायच्या आधी मामी स्वतः सगळं घर झाडून घेत. पसारा पाहिला तर ती चार घरी जाऊन सांगेल, ही धास्ती. "मग ती येते कशाला?" असं मामांनी लग्न नवं असताना विचारलं होतं. तेव्हा मामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की तो विषय कायमचा मिटला.

संध्याकाळी दोघं फिरून आले, तर नोट उशीवर जशीच्या तशी.

"घेतली नाही हो," मामी मटकन खुर्चीत बसल्या. "कमी वाटली असेल. काय म्हणाली असेल मनात! एवढं विमानानं येतात आणि हात असा आखडता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठी नोट ठेवली. शिवाय बाईचा राग जावा म्हणून न्हाणीघराची फरशी कोरडी केली आणि आरसा पुसला. संध्याकाळी पाहतात तर नोट टेबलावर, वर पेला उपडा घातलेला.

"आता तर सरळ परत केली," मामी म्हणाल्या. "खोलीच घाण वाटत असणार तिला."

"अगं, या खोलीत आता माशीसुद्धा पाय पुसून येईल."

पण मामींचं ठरलं होतं. पुढच्या सकाळी त्यांनी खिडकीच्या काचा पुसल्या. खुर्चीवर चढून पडद्यांची धूळ झटकली. कचऱ्याचा डबा धुतला आणि कचरा पिशवीत बांधून फिरायला जाताना बरोबर नेला. मामा ती पिशवी हातात धरून एका प्रेक्षणीय चौकात बराच वेळ उभे होते.

त्या संध्याकाळी भाची कामावरून परस्पर हॉटेलात आली. चेहरा उतरलेला.

"मामी, तू काय करतेस गं या खोलीत?"

"काय करणार? राहते."

"हॉटेलच्या मुकादमबाईंचा मला फोन होता. तुमची काय तक्रार आहे, विचारत होत्या. खोली आवरणारी बाई नवीन आहे, अजून कायम केलेली नाही. ती रोज येते आणि पाहते तर आवरायला काहीच नाही. काम नाही केलं तर पैसे कसे घ्यायचे, म्हणून ती नोट सोडून जाते. आणि मुकादमबाईंचं म्हणणं, पाहुण्यांना स्वतः पुसावं लागतं म्हणजे ही बाई नीट पुसत नसणार. तिला काढायचं चाललंय."

मामी उठल्याच. "मी जाऊन सांगते, मला खोडच आहे म्हणून."

"सांगितलं मी. त्यांना वाटलं, तुम्ही भिडेखातर बोलताय. उद्या सकाळी त्या स्वतः खोली बघायला येणारेत. मामी, खोली घाण पाहिजे. खरीखुरी."

सकाळी मामी कामाला लागल्या. टॉवेल जमिनीवर टाकला, पण टाकताना घडी घालून टाकला. चादर चुरगळली, ती फुलासारखी दिसू लागली. बशीत बिस्किटाचा चुरा सांडला आणि लगेच बोटानं गोळा केला.

"याला पसारा म्हणतात?" मामा कळवळून म्हणाले. "हे प्रदर्शन झालं. सरक बाजूला."

मग मामांनी बाह्या सारल्या. ओला टॉवेल गादीवर पडला. वर्तमानपत्राची पानं वेगवेगळ्या दिशांना गेली. एक मोजा दिव्यावर, दुसऱ्याचा पत्ता नाही. अर्धा चहा खिडकीत, त्याचा ओघळ भिंतीवर. दाढीचा फेस आरशावर. कुठे घाई नाही की संकोच नाही. मामी पदर तोंडाला लावून पाहत राहिल्या.

"हे एवढं सगळं तुम्हाला येतं?"

"रोजच करतो," मामा शांतपणे म्हणाले. "तू लगेच मागून पुसत येतेस, म्हणून कुणाला दिसत नाही."

दारावर टकटक झाली. पुढे मुकादमबाई, मागे घाबरलेली खोली आवरणारी बाई, शेवटी भाची. मुकादमबाईंनी खोलीवरून नजर फिरवली. दिव्यापाशी ती थांबली, तिथून मामींवर आली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मामींना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण त्यांनी मान ताठ ठेवली. एका बाईच्या भाकरीचा प्रश्न होता.

मुकादमबाई काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?"

भाचीनं हसू दाबलं. "असल्या खोलीतली माणसं स्वतः काही पुसत असतील हे शक्यच नाही, म्हणतात. त्यांच्या बाईवर आता काही संशय नाही. आणि... एवढ्या पसाऱ्यात रोज एवढं स्वच्छ ठेवत असेल, तर तिला कायमच करायला हवं."

त्या गेल्या. भाचीही कामावर पळाली. बाई आवरू लागली. मामी सवयीनं उठल्या, तर बाईनं त्यांना दंडाला धरून हळूच खुर्चीत बसवलं. मामी हात मांडीखाली दाबून बसल्या. डोळ्यांसमोर गादी झटकली गेली, चादर अंथरली गेली, भिंत पुसली गेली. सून होऊन घरात आल्यापासून आपलं अंथरूण दुसरं कुणी घालताना त्यांनी पाहिलं नव्हतं. बाईनं उशीवरची नोट उचलून खिशात घातली, मान लववली आणि गेली. मामींचे डोळे भरून आले होते.

मामांना वाटलं, बायकोला अपमान लागला. ते अपराध्यासारखे जवळ येऊन उभे राहिले.

"अगं, रडू नकोस. उद्यापासून माझं मी आवरत जाईन."

हे वाक्य ऐकायला मामींनी उभा जन्म घालवला होता. त्यांनी डोळे पुसले, नवऱ्याकडे मायेनं पाहिलं आणि म्हणाल्या, "खबरदार! बाईची नोकरी घालवाल."